अभिज्ञान : दिलेली वस्तू आणि उरलेली आठवण

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' या नाटकावर परीक्षेत जे ठरावीक प्रश्न येतात त्यांत 'अंगठीचे नाटकातील स्थान' हा एक हमखास असतो. त्याचे उत्तरही ठरावीक असते. अंगठी हरवली म्हणून दुष्यंताने शकुंतलेला ओळखले नाही, ती सापडली म्हणून त्याला आठवण झाली, सबब अंगठी हा कथानकाचा कणा होय. हे उत्तर चूक नाही. त्याला गुणही बरे मिळतात. परंतु एक साधी गोष्ट त्यात निसटते. अंगठी ही कथानकाची किल्ली होण्याआधी एक भेट आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसाला प्रेमाने दिलेली वस्तू आहे. देणारा आणि घेणारी दुरावल्यावर त्या वस्तूचे काय होते, ती कोणाची राहते आणि ती नेमके काय आठवते, हा प्रश्न कालिदासाने सात अंकांत हाताळलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे. विषय जुन्या नाटकाचा असला तरी प्रश्न जुना नाही, हे विद्यार्थिमित्रांना सांगावयास नकोच.

१. एक शब्द, दोन अर्थ

'अभिज्ञान' या शब्दाचा एक अर्थ ओळखणे आणि दुसरा अर्थ ज्यावरून ओळखावयाचे ती खूण. क्रिया आणि वस्तू या दोहोंना एकच नाव आहे. मराठीतही आपण असेच करतो. 'ही माझी आठवण म्हणून ठेव' असे म्हणून आपण पेन देतो, रुमाल देतो, आणि त्या क्षणापासून तो रुमालच 'आठवण' होऊन बसतो. शेजारच्या कन्नडमध्ये 'गुरुतु' म्हणजे खूण आणि 'गुरुतिसु' म्हणजे ओळखणे. आठवणीसाठी दिलेल्या भेटीला तेथे 'नेनपिन काणिके' म्हणतात, म्हणजे स्मरणाची भेट. तीनही भाषांनी स्मरण आणि वस्तू यांची गाठ मारून ठेवली आहे. ही गाठ खरोखर किती पक्की असते, हीच या नाटकातली खरी परीक्षा आहे.

२. अंगठी नसलेली शकुंतला

महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेची मूळ कथा आहे. तीत अंगठी नाही, दुर्वासाचा शापही नाही, हे अनेकांना वाचून आश्चर्य वाटते. तेथील शकुंतला विवाहाआधीच अट घालते की माझ्या पोटी येणारा मुलगाच युवराज व्हावा. पुढे ती मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा राजाला सारे आठवत असते, तरीही तो आठवत नाही असे म्हणतो. विसर नाही, नकार आहे. शकुंतलेच्या हाती कोणतीही वस्तू नाही. ती केवळ बोलते. सत्याची थोरवी सांगते, पत्नीचे आणि पुत्राचे स्थान सांगते, राजाला खडसावते. अखेर आकाशवाणी तिच्या बाजूने साक्ष देते आणि राजा म्हणतो की लोकांना संशय राहू नये म्हणून आपण असे वागलो.

कालिदासाने येथे दोन बदल केले. राजाचा नकार काढून तेथे विसर आणला, आणि आकाशवाणीच्या जागी अंगठी आणली. त्यामुळे राजाचे चारित्र्य उजळले, असे टीकाकार म्हणतात; ते खरे आहे. पण त्याचबरोबर दुसरीही गोष्ट घडली. व्यासांची शकुंतला शब्दांवर उभी होती. कालिदासाच्या शकुंतलेला एका लहानशा वस्तूवर उभे राहावे लागले.

३. अंगठी प्रथम कोठे दिसते?

बहुतेक विद्यार्थी सांगतील की चौथ्या अंकात. वास्तविक ती पहिल्या अंकातच येते, आणि तेथे तिचे रूप फार वेगळे आहे. शकुंतला निघून जाऊ लागते तेव्हा प्रियंवदा तिला अडवते. कारण झाडांना पाणी घालण्याच्या दोन पाळ्यांचे शकुंतलेवर तिचे ऋण आहे. दुष्यंत त्या ऋणाची फेड म्हणून आपली अंगठी पुढे करतो. मैत्रिणी तिच्यावर कोरलेले नाव वाचतात आणि एकमेकींकडे पाहतात. राजा सारवासारव करतो की ही राजाकडून मिळालेली आहे. प्रियंवदा चतुर आहे. ती म्हणते की मग हिला या बोटापासून वेगळे करणे बरे नव्हे. तुमच्या शब्दानेच ही ऋणमुक्त झाली.

म्हणजे अंगठी पहिल्यांदा पुढे होते ती कर्ज फेडण्यासाठी, आणि त्याच क्षणी तिच्याविषयी एक लहानसे असत्यही बोलले जाते. भेटवस्तूत देवघेवीचा हिशेब आणि थोडी लपवाछपवी आरंभापासून असते, हे कालिदासाने किती सहज सुचवले आहे!

पुढे राजधानीला परतताना राजा नाव कोरलेली अंगठी शकुंतलेच्या बोटात घालतो. सहाव्या अंकात तो स्वतःच विदूषकाला सांगतो की त्या वेळी आपण तिला म्हणालो होतो, रोज माझ्या नावाचे एक अक्षर मोज. अक्षरे संपतील तेव्हा तुला न्यायला माणूस येईल. 'दुष्यन्त' या नावात अक्षरे तीन. म्हणजे वायदा तीन दिवसांचा होता. त्या तीन दिवसांचे पुढे किती झाले, हे पाहणाऱ्याला ठाऊक आहेच.

४. एक वस्तू, तीन उपयोग

चौथ्या अंकाच्या आरंभी दुर्वास शाप देऊन जातो. प्रियंवदा त्याची विनवणी करते तेव्हा खुणेचा दागिना पाहिल्यावर शाप सरेल असा उःशाप मिळतो. ही हकीकत अनसूया आणि प्रियंवदा या दोघींनाच कळते. नाजूक मनाच्या शकुंतलेला त्या ती सांगत नाहीत. निरोप घेताना एवढेच म्हणतात की राजाला ओळखायला वेळ लागला तर ही अंगठी दाखव. त्या बोलण्यानेही शकुंतलेचा थरकाप होतो, आणि अति प्रेमाला वाईटाची शंका येतेच असे सांगून त्या वेळ मारून नेतात.

येथे थांबून पाहण्यासारखे आहे. अंगठी एकच, पण शकुंतलेच्या लेखी ती भेट आहे, मैत्रिणींच्या लेखी तो शापावरचा उतारा आहे, आणि पुढे दरबारात तोच पुरावा ठरणार आहे. जिच्या बोटात ती आहे तिलाच तिची खरी किंमत ठाऊक नाही. शचीतीर्थावर पाण्याला वंदन करताना ती बोटातून गळून पडते, यात निष्काळजीपणा शोधणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की पुराव्याला जपावे तसे कोणी भेटीला जपत नाही. भेट अंगावर वागवायची असते, आणि जे अंगावर वागवायचे ते कधी ना कधी पडते, झिजते, हरवते.

प्रसंगाने आपल्या भागाशी निगडित एक गोष्ट सांगावीशी वाटते. या नाटकाला मराठी संगीत रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. कन्नडमध्ये 'शाकुंतल' आणणाऱ्यांपैकी 'अभिनव कालिदास' म्हणून गौरवले गेलेले बसवप्पशास्त्री यांचेही जन्मवर्ष १८४३ हेच. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांनी एकच शकुंतला दोन शेजारभाषांना दिली. किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला तेव्हा पहिले चारच अंक सादर झाले होते. म्हणजे त्या रात्री प्रेक्षक घरी गेले तेव्हा शकुंतला सासरी निघाली होती आणि अंगठी अद्याप तिच्या बोटात होती! चौथा अंक हा नाटकाचा मुकुटमणी अशी परंपरेची समजूत आहे. पण चौथ्या अंकावर थांबणाऱ्याला अंगठीचा अर्थ अर्धाच कळतो. दुसरीकडे, सर विल्यम जोन्स यांनी १७८९ साली कलकत्त्याहून आपले इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा 'घातक अंगठी' अशा अर्थाचे उपशीर्षक त्याला जोडले. एका भाषांतरकाराला अंगठी घातक वाटली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

५. हरिणाचे पाडस आणि कावळा

पाचव्या अंकातील दरबाराचा प्रसंग आपण सर्वांनी वाचलेला असतो. राजा ओळखत नाही. शकुंतला अंगठी दाखवू जाते आणि बोट मोकळे असते. गौतमी म्हणते की शचीतीर्थावर पडली असेल. राजा हसतो आणि स्त्रियांच्या हजरजबाबीपणाचा दाखला म्हणून ते उडवून लावतो.

यानंतर शकुंतला जे करते त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. वस्तू गेली तेव्हा ती एक आठवण सांगू लागते. नवमालिकेच्या मांडवात कमळाच्या पानाच्या द्रोणात पाणी होते. दीर्घापांग नावाचे हरिणाचे पाडस आले. ते राजाच्या हातून पाणी पिईना, तिच्या हातून प्यायले. तेव्हा राजा थट्टेने म्हणाला होता की सगळे आपल्या जातीवर विश्वास ठेवतात, तुम्ही दोघे रानचे. इतका बारीक तपशील कोणी रचून सांगत नाही. दोघांखेरीज तिसऱ्याला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी राजाला ते गोड असत्य वाटते. मग मात्र शकुंतला त्याला 'अनार्य' म्हणते आणि गवताने झाकलेल्या विहिरीची उपमा देते.

याच्याशेजारी वाल्मीकींचे सुंदरकांड ठेवून पाहावे. रामाने हनुमंताजवळ आपले नाव कोरलेली अंगठी दिली. ती पाहून सीतेला प्रत्यक्ष पतीच भेटल्यासारखे वाटले. परत पाठवताना सीतेने चूडामणी दिला. परंतु ती केवळ दागिना देऊन थांबली नाही. चित्रकूटावर एका कावळ्याने तिला छळले होते आणि रामाने त्याला शासन केले होते, ती दोघांनाच ठाऊक असलेली गोष्टही तिने खूण म्हणून सांगून पाठवली. रामाला दोन्ही पोचले, आणि दोन्ही पटले.

कावळ्याची गोष्ट पटते आणि पाडसाची पटत नाही, असे का व्हावे? गोष्टींत फरक नाही, ऐकणाऱ्यात आहे. रामाला सीता आठवतच होती, म्हणून खुणेने त्याला धीर मिळाला. दुष्यंताला काहीच आठवत नव्हते, म्हणून त्याने खुणेकडे पुरावा म्हणून पाहिले आणि तो अपुरा ठरवला. यावरून एक साधा नियम काढता येईल. ज्याला आठवते त्याच्यासाठी भेटवस्तू बोलते. ज्याला आठवत नाही त्याच्यासमोर ती नुसती धातूची किंवा कापडाची वस्तू असते, तिचे वजन आणि किंमत तेवढी सांगता येते.

६. रोहित मासा आणि राजाचा अश्रू

सहाव्या अंकातील कोळ्याचा प्रवेश विनोदी म्हणून आपण वाचतो आणि पुढे जातो. शक्रावताराचा कोळी, त्याला रोहित माशाच्या पोटात सापडलेली अंगठी, त्याला मारायला टपलेले शिपाई, आणि अखेर अंगठीच्या किमतीएवढे इनाम. ज्या वस्तूने शकुंतलेचे सर्वस्व हिरावले, तिचे मोल कोळ्याला रोख मिळते, त्यातले अर्धे तो शिपायांना देऊन टाकतो आणि सगळे मिळून दारूच्या गुत्त्याकडे वळतात. अंगठीची बाजारातली किंमत आणि आठवणीतली किंमत कालिदासाने जणू एकाच तराजूच्या दोन पारड्यांत घालून दाखवली आहे. नगररक्षक सांगतो की अंगठी पाहताच राजाला कोणी प्रिय माणूस आठवले असावे. स्वभावाने गंभीर असूनही क्षणभर त्याचे डोळे ओलावले.

यानंतरचा राजा हा आठवणीच्या वस्तूंत बुडालेला माणूस आहे. वसंतोत्सव बंद करतो, शकुंतलेचे चित्र काढतो, चित्रातल्या भुंग्यावर रागावतो. अंगठीला दोष देतो की तो हात सोडून तू पाण्यात कशी बुडालीस. आणि लगेच स्वतःच्याच बोलण्यातली चूक त्याला उमगते : अचेतन वस्तूला गुण कळले नाहीत, त्यात नवल नाही, पण मी तर सचेतन होतो, मी तिला कसे दूर केले? माझ्या मते सहाव्या अंकाचे मर्म या एका विचारात आहे. वस्तूला दोष देणे सोपे असते. 'अंगठी हरवली म्हणून' हे आपले परीक्षेतले उत्तर राजाने स्वतःच नाकारलेले आहे.

७. भासाची घोषवती

येथे भासाच्या 'स्वप्नवासवदत्ता'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. शतकानुशतके नावापुरते ठाऊक असलेले हे नाटक टी. गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रमहून १९१२ साली छापून प्रसिद्ध केले. वासवदत्ता लावाणकच्या आगीत जळून गेली अशी उदयनाची समजूत आहे आणि त्याचा पद्मावतीशी दुसरा विवाह झालेला आहे. सहाव्या अंकात त्याच्या कानावर वीणेचे सूर पडतात आणि तो ओळखतो की ही घोषवती. याच वीणेवर त्याने वासवदत्तेला शिकवले होते. ती नर्मदाकाठच्या झुडपात कोणाला तरी सापडलेली असते. रानात पडून, पक्ष्यांनी खराब केलेली.

उदयन तिला जवळ घेऊन शोक करतो. तिला विचारतो की जिच्या मांडीवर तू विसावत होतीस तिला सोडून तू रानात कशी राहिलीस. हे दुष्यंताच्या विलापासारखेच आहे. पण त्यानंतर उदयन विदूषकाला जे सांगतो ते मला फार मोलाचे वाटते. तो सांगतो की घोषवती कारागिरांकडे ने, नव्याने जुळवून घे आणि लवकर परत आण. राजा वीणा कपाटात ठेवत नाही, नर्मदेत सोडत नाही. दुरुस्तीला पाठवतो.

अंगठी आणि वीणा यांत हाच मोठा भेद आहे. अंगठी एकाने दुसऱ्याला दिली. तिच्यावर देणाऱ्याचे नाव आहे आणि तिचा उपयोग फक्त दाखवण्यापुरता आहे. वीणा दोघांनी वापरली. तिच्यावर कोणाचे नाव कोरण्याचे कारण नव्हते, आणि ती वाजली तरच ती वीणा. पहिली 'कोण' हे सांगते, दुसरी 'काय शिकलो' हे सांगते.

८. यादीचे रकाने

या ठिकाणी थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे, कारण वरील भेद मला केवळ पुस्तकात सापडलेला नाही. माझा विवाह काही वर्षे टिकला आणि नंतर उभयतांच्या संमतीने कायदेशीरपणे संपला. त्यांची मातृभाषा कन्नड, माझी मराठी. तक्रार मांडण्याचे हे स्थळ नव्हे आणि मांडावी अशी तक्रारही नाही. सांगावयाचे आहे ते यादीविषयी. कागदपत्रे करताना वकिलांनी मला वस्तूंची यादी करावयास सांगितली. रकाने असे होते : वस्तू, वजन, अंदाजे किंमत, कोणी दिली, पुरावा.

आपल्याकडे हा विचार फार जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रीतीने दिलेले हा एक आहे. कल्याणी चालुक्यांच्या सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली आणि स्त्रीधनाची व्याप्ती बरीच वाढवली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले की स्त्रीधनावर पत्नीचीच पूर्ण मालकी असते, पतीची त्यात भागीदारी नसते. हे निर्णय अत्यंत आवश्यक आहेत. ज्या स्त्रीला हक्काच्या वस्तू परत मिळवण्यासाठी झगडावे लागते तिच्यासाठी पुराव्याचा रकाना हीच अंगठी असते. त्याला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

माझ्या यादीत त्यांनी दिलेल्या तीन गोष्टींचा प्रश्न आला. एक मनगटी घड्याळ. त्याच्या पाठीवर आमच्या नावांची आद्याक्षरे आणि तारीख कोरलेली. ते यादीत चटकन बसले. सगळे रकाने भरले गेले. दुसरी एक इरकल साडी, लाल पदराची. तिची पावती नव्हती, आणि तिची किंमत घालण्याइतकी ती नवी उरली नव्हती. वकील म्हणाले, सोडून द्या. तिसरी वस्तू म्हणजे एक दुरेघी वही. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी मला कन्नड अक्षरे शिकवण्यासाठी ती स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. मराठीत एकच 'ए' आणि एकच 'ओ'. कन्नडमध्ये त्या दोहोंचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे भेद आहेत. ते माझ्या कानाला कळत नसत, म्हणून त्यांनी पानभर जोड्या लिहून दिल्या होत्या. त्या वहीसाठी यादीत रकानाच नव्हता.

घड्याळ बंद आहे. ते मी पेटीत ठेवले आहे. त्याच्याकडे पाहिले की तारीख आठवते, माणूस फारसा आठवत नाही. साडी मी नेसते. पहिल्या एक-दोन वेळा जड वाटली, आता ती साडी आहे. वही मात्र संपून गेली, म्हणजे तिची पाने सुटली. पण तिच्यातले जे घ्यावयाचे ते मी घेतले होते. गेली काही वर्षे या वार्षिक अंकाच्या कन्नड विभागाची मुद्रितेही मी हौसेने वाचते. तेथे ऱ्हस्व 'ए' ओळखताना मी अडखळत नाही. त्या वेळी ते मला आठवतात का? दर वेळी नाही. पण जे येते ते त्यांच्यामुळे येते, हे दर वेळी खरे असते. घोषवती दुरुस्तीला पाठवणाऱ्या उदयनाचा अर्थ मला असा लागला.

९. सातव्या अंकातील नकार

आता मूळ नाटकाकडे वळू. सातव्या अंकात मारीचाच्या आश्रमात दुष्यंत येतो. सिंहाच्या छाव्याशी खेळणारा मुलगा, त्याला दिलेला मातीचा मोर, आणि मनगटावरून गळून पडलेला ताईत. या ताइताविषयी तापसी सांगतात की आईबाप आणि स्वतः मुलगा यांखेरीज कोणी तो जमिनीवरून उचलला तर त्याचा साप होऊन डसतो. राजाने तो नकळत उचललेला असतो. येथे पुराव्याचे ओझे पालटले आहे, हे ध्यानात घ्यावे. पाचव्या अंकात शकुंतलेने सिद्ध करावयाचे होते की मी पत्नी आहे. सातव्या अंकात राजाकडून, त्याला न विचारता, सिद्ध करून घेतले जाते की तो पिता आहे.

मग एकवेणी धारण केलेली, मळकट वस्त्रातली शकुंतला येते. राजा तिच्या पाया पडतो. ती त्याला उठवते. त्याच्या बोटातली अंगठी तिला दिसते. राजा सांगतो की हिच्यामुळेच आठवण परत आली. शकुंतला म्हणते की पटवून द्यायच्या वेळी ही मिळाली नाही, हे हिने वाईट केले. राजा अंगठी तिला परत घालू पाहतो. ऋतूशी मीलन झाल्याची खूण म्हणून वेलीने फूल धारण करावे, असे सुंदर बोलून. आणि शकुंतला नको म्हणते. माझा हिच्यावर विश्वास नाही, आपणच ही घालावी, एवढेच तिचे म्हणणे. लगेच मातली येतो आणि प्रसंग पुढे सरकतो. नाटकात अंगठीवरचे हे शेवटचे मोठे बोलणे आहे, आणि ते नकाराचे आहे.

या नकाराचा क्रम महत्त्वाचा आहे. दुर्वासाच्या शापाची हकीकत मारीच ऋषी यानंतर सांगतात. म्हणजे राजाचा विसर त्याच्या दोषाने नव्हता हे शकुंतलेला कळण्याआधीच तिने माणसाला स्वीकारले आहे आणि अंगठीला नाकारले आहे. कारण समजल्यामुळे तिचे मन हलके होते. पण निर्णय आधीच झालेला असतो.

आणि हा नकार रागाचा नाही. ती अंगठी फेकून देत नाही. 'आपण घाला' म्हणते. मला यात मोठा न्याय दिसतो. ज्याला विसर पडतो त्याने खूण बाळगावी. जिला सारे आठवतच होते, पाडसाचे नाव आणि द्रोणातले पाणीसुद्धा, तिला खुणेची गरज काय? खूण ही स्मरणाची जागा घेऊ लागली की माणूस निर्धास्त होतो. आणि ती एकदा घरंगळली की त्याच्यापाशी काहीच उरत नाही. महाभारतातल्या शकुंतलेने जे शब्दांनी मिळवले होते, तेच कालिदासाच्या शकुंतलेने अखेर एका वाक्यात परत घेतले आहे.

१०. उपसंहार

वरील विवेचनावरून भेटवस्तूंची तीन रूपे मानता येतील. पहिले रूप पुराव्याचे. त्याचे स्थान दरबारात आणि न्यायालयात, आणि तेथे ते जरूर जपावे. दुसरे रूप खुणेचे. ते ज्याला विसरण्याचे भय आहे त्याच्यापाशी शोभते. तिसरे रूप विद्येचे. म्हणजे वस्तूच्या निमित्ताने एकाचे जे दुसऱ्यात उतरते ते. पहिल्या दोन रूपांतल्या वस्तू हरवू शकतात, परत मागता येतात, परत देता येतात. तिसरे रूप परत देता येत नाही, आणि द्यावे लागतही नाही.

दुरावलेल्या माणसाने दिलेले सारे जाळून टाकावे असे सांगणारे भेटतात, आणि सारे उराशी धरून बसावे असे सांगणारेही भेटतात. आपल्या दोन श्रेष्ठ नाटककारांपैकी एकानेही असे काही सुचवलेले नाही. एकाने वीणा कारागिराकडे पाठवली, दुसऱ्याने अंगठी देणाऱ्याच्याच बोटात राहू दिली.

पुढच्या वेळी 'अंगठीचे नाटकातील स्थान' हा प्रश्न आला तर विद्यार्थिमित्रांनी नेहमीचे उत्तर अवश्य लिहावे. गुण त्याला आहेत. पण अखेरच्या परिच्छेदात सातव्या अंकातील तो लहानसा संवाद स्वतःच्या शब्दांत मांडावा आणि परीक्षकाला विचारावे की ज्या वस्तूच्या नावाने नाटक ओळखले जाते ती वस्तू नायिकेने शेवटी का घेतली नाही. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचे निराळे येईल. ते आपल्या वहीत लिहून ठेवावे.